कोरॉनच्या खाडीत सहा दिवस : बुडालेली जहाजं, सिमेंटची पोती आणि माझी मिशी

परत येऊन तीन आठवडे झाले आणि मेव्हणा रोज विचारतोय "दाजी, लिहिलंत का?" आज बांधकामाची साईट बंद आहे म्हणून एकदाचा बसलो. फोटो त्याच्याकडेच आहेत, आणि पाण्याखालचे बहुतेक हिरवट नि धूसर आलेत, त्यामुळे जे काय आहे ते शब्दांतच घ्या.

आधी थोडं मागचं. मालवण-तारकर्लीला आपण जे करतो, म्हणजे हात धरून पंधरा-वीस मिनिटं खाली नेतात, ब्रेड टाकून मासे गोळा करतात आणि वर व्हिडिओ देतात, त्यालाच मी बरीच वर्षं स्कूबा डायव्हिंग समजत होतो. मग अंदमानात हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) रीतसर ओपन वॉटर कोर्स केला, पुढच्या वर्षी ॲडव्हान्स्ड. मेव्हण्यानंही माझ्या पाठोपाठ केला. मला पाण्याचं वेड, त्याला दुसऱ्या महायुद्धाचं, आणि हिला (म्हणजे बायकोला, ती फक्त स्नॉर्केल करते) आम्हा दोघांवर लक्ष ठेवायचं, असे तिघं गेल्या फेब्रुवारीत फिलिपिन्सला गेलो, तिथे महायुद्धात बुडालेली जपानी जहाजं बघायला.

जागा म्हणजे पलावान प्रांतातलं बुसुआंगा बेट, गावाचं नाव कोरॉन. गोम अशी की समोर कोरॉन नावाचं वेगळंच एक बेट आहे आणि कोरॉन गाव त्या बेटावर नाही, बुकिंग करताना ह्यात लोक गोंधळतात. २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आधी नियम परत एकदा बघून घ्या, असल्या गोष्टी बदलतात.

दिवस १

मनिलाहून प्रोपेलरवाल्या छोट्या विमानानं बुसुआंगा, तिथून व्हॅननं कोरॉन. गावाला बीच नाहीये! ही अर्धा तास शोधत होती. धक्का आहे, बोटी आहेत, ट्रायसिकल आहेत (मोटरसायकलला पत्र्याची पेटी जोडलेली, आपल्या रिक्षापेक्षा बुटकी, माझं डोकं पहिल्याच दिवशी दोनदा आपटलं), आणि कोंबड्या. पहाटे चारला आरवणाऱ्या कोंबड्यांची तयारी ठेवून जा.

संध्याकाळी तापियास डोंगर चढलो. सातशेच्या वर पायऱ्या आणि वर मोठा पांढरा क्रॉस. जेजुरी चढलेल्या माणसाला ह्यात काय विशेष असं म्हणून निघालो आणि चारशेव्या पायरीवर गप्प बसलो, मागे एक अख्खा दिवस विमानात गेलेला. पण वरून खाडी दिसली आणि जहाजं इथे का लपवली असतील ते लगेच कळलं. शिवसागराचं पाणी वरून कसं दिसतं, डोंगरांची टोकं पाण्यातून वर आलेली, तसंच, फक्त समुद्राचं. सगळीकडे बेटं, बेटांच्या मागे बेटं, वारा कुठूनही आला तरी आडोसा आहेच.

उतरल्यावर माकिनितच्या गरम झऱ्यावर गेलो. वज्रेश्वरीसारखंच, पण पाणी खारं, आणि गंधकाच्या वासाऐवजी शेजारच्या खारफुटीचा वास. टीप : हे डायव्हिंगच्या आधी उरकून घ्या. डाईव्ह झाल्यावर लगेच कढत पाण्यात बसू नये, शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायचा धोका वाढतो.

रात्री डाईव्ह सेंटरवर गाईड भेटला. सगळे त्याला कुया म्हणतात, कुया म्हणजे दादा, म्हणून आम्हीही कुया. चाळिशीचा, बारकेला, कमी बोलणारा. त्यानं पहिल्यांदा आमची कोर्सची कार्डं आणि लॉगबुक (आधीच्या डाईव्हची नोंदवही) बघितली, शेवटचा डाईव्ह कधी केला ते विचारलं, आणि मग वहीत पेन्सिलीनं जहाज काढायला घेतलं.

गोष्ट थोडक्यात अशी. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या विमानांनी मनिलाच्या बंदरावर हल्ले केले, तेव्हा जपानची मालवाहू जहाजं तिथून निघून इकडे कोरॉनच्या आडोशाला आली, इतक्या लांब विमानं येणार नाहीत अशा हिशोबानं. काही जहाजांवर झाडाच्या फांद्या टाकून बेटांसारखं रूप दिलं होतं आणि टेहळणीच्या फोटोंत ही "बेटं" जागा बदलताना दिसली म्हणून पकडली गेली, अशी गोष्ट इथे प्रत्येक गाईड सांगतो. खरी-खोटी देव जाणे, पण सांगतात छान. २४ सप्टेंबर १९४४ ला सकाळी विमानवाहू जहाजांवरून विमानं साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास उडून आली आणि खाडीतली जहाजं एकापाठोपाठ एक बुडवून परत गेली. महिन्याभरात फिलिपिन्सच्याच लेटे बेटावर अमेरिकन फौजा उतरल्या.

मेव्हणा म्हणाला, आपल्याकडे नाही का असं काही? मी म्हटलं आहे की, मुरगाव. पोर्तुगीज तटस्थ होते म्हणून तिथल्या बंदरात जर्मन जहाजं अडकून पडली होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाईट हॉर्स ह्या कलकत्त्यातल्या ब्रिटिशांच्या राखीव पलटणीचे लोक, बहुतेक पोट सुटलेले व्यापारी नि ऑफिसर, एका गाळ काढायच्या बार्जमधून तिथे शिरले. एरेनफेल्स हे जहाज पाणबुड्यांना वायरलेसवर बातम्या पुरवायचं, ते त्यांना संपवायचं होतं. गडबडीत जर्मनांनीच आपली जहाजं बुडवली. मेव्हण्याला हे माहीत नव्हतं. युद्धाचे इतके डॉक्युमेंटरी बघून गोव्याचं माहीत नाही, म्हणून रात्रभर चिडवला.

दिवस २

बोटीला इथे बांका म्हणतात. मधे लांबट होडी आणि दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या (तोल सांभाळायचे आडवे दांडे). वेंगुर्ल्याला माझ्या आजोळी होडीला एकाच बाजूला उलांडी असायची, ती आठवली. तास-सव्वा तास लागतो जहाजांपर्यंत, वाऱ्यानं सकाळी चांगली थंडी वाजते, विंडचीटर न्याच.

पहिला डाईव्ह ईस्ट तांगात नावाच्या छोट्या जहाजावर, हात साफ करायला. आणि तिथेच माझी फजिती झाली. मास्कमध्ये पाणी. काढलं, परत आलं. काढलं, परत आलं. दहा मीटरवर मी जहाज सोडून नाकातून हवा सोडत बसलो आणि हवा तिथेच अर्धी संपवली, बावीस मिनिटांत हवेचं गेज पन्नास बारवर, म्हणजे राखीव तेवढीच उरली. वर आल्यावर कुयानं माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठाच्या वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मुखा. प्रॉब्लेम." आम्ही दोघं त्याच्याकडे बघतच राहिलो. तागालोगमध्ये चेहऱ्याला मुखा म्हणतात, आपलंच मुख. शिक्षकाला गुरो म्हणतात. घरापासून इतक्या लांब येऊन कोणी आपल्याला आपल्याच शब्दात सांगतंय की बाबा तुझ्या मिशीत दोष आहे.

तर दोष असा की मास्कची सिलिकॉनची कड मिशीवर टेकली की केसांच्या मधून पाणी येतं. उपाय दोन. एक, तिथे सिलिकॉन ग्रीस फासायचं. दोन, नाकाच्या लगेच खालची मिशीची वरची कड पट्टीसारखी भादरायची. मी ग्रीसवर अडून बसलो, पंचवीस वर्षांची मिशी आहे. दुसरा डाईव्ह ऑलिम्पिया मारूवर, तिथे गळती कमी झाली पण बंद नाही झाली, त्यामुळे ऑलिम्पियाबद्दल मला एवढंच सांगता येईल की खूप मोठं आहे आणि त्यावर एक विंचूमासा होता ज्यावर मी हात ठेवता ठेवता राहिलो. टीप : कुठेच हात टेकू नका. गंजलेला पत्रा पातीसारखा असतो, आणि जे दगडासारखं दिसतं ते दगडच असेल असं नाही.

दुपारी लुसाँग गनबोट. ही आडोशाच्या उथळ पाण्यात आहे, ओहोटीला मागचं टोक वर दिसतं, सर्वांत खोल भाग दहा-अकरा मीटर. आमची ही इथे तासभर स्नॉर्केल करत होती आणि अजूनही तिचं म्हणणं आहे की सगळ्यांत भारी जहाज तेच, तुम्ही उगाच खोल जाता. प्रवाळ एवढं चढलंय की आधी जहाज आहे हेच कळत नाही, मग अचानक सरळ रेघ दिसते. समुद्रात सरळ रेघ नसते ना.

रात्री हॉटेलच्या आरशासमोर मिशीची वरची कड उडवली. ही मोबाईलवर शूटिंग करत होती.

दिवस ३

आज कोग्यो मारू, दोन्ही डाईव्ह तिथेच. ह्या दिवसाबद्दल जरा लांबण लागणार आहे.

जहाज उजव्या कुशीवर आडवं झोपलंय, तळ ३४ मीटरवर आणि वर आलेली डावी बाजू २२ वर. म्हणजे दोरी धरून खाली जाताना आधी हिरवा अंधार, मग त्या अंधारात एक लांबच लांब भिंत. ती भिंत म्हणजे जहाजाची कूस. आम्ही नायट्रॉक्स ३२ वर होतो, म्हणजे टाकीत ३२ टक्के ऑक्सिजनवाली हवा. (टीप : नायट्रॉक्सचा कोर्स करूनच जा. ३० मीटरवर साध्या हवेत डायव्हिंगच्या कोष्टकाप्रमाणे खाली राहायला २० मिनिटं मिळतात, ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर ३०. पण ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, तिथे त्यातला ऑक्सिजनच घातक होतो.)

मला बंद जागेची भीती आहे, लिफ्टसुद्धा आवडत नाही. कुयाला आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला होल्ड (जहाजातली माल भरायची जागा) खूप मोठा आहे, तोंड गोडाऊनच्या दारासारखं, बाहेरचा उजेड सतत दिसत राहील, नाही दिसला तर मागे फिर. हवेचा हिशोब तिसऱ्या हिश्श्याचा : एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. पाय वरखाली मारायचे नाहीत, बेडकासारखे बाजूला, नाहीतर गाळ उडतो आणि मग आपलाच हात दिसत नाही.

जहाज आडवं असल्यानं होल्डमध्ये आपण वरून उतरत नाही, बाजूनं शिरतो. टॉर्च लावला तर समोर गुंडाळ्यांसारखं काहीतरी, कुंपणाच्या जाळीची बंडलं असावीत. पुढे एक बुलडोझर, त्याची पट्ट्याची चाकं ओळखू आली. मेव्हणा तिथेच अडकला, गोप्रो घेऊन. मी टॉर्च खाली वळवला.

पोती. सिमेंटची पोती.

माझी तीस वर्षं ह्यात गेलीत. लांबून, उलटं, रात्रीत कसंही दाखवा, सिमेंटची थप्पी मला कळते. जहाज कलंडलं तशी थप्पी उजवीकडे घसरलेली, काही पोती एकमेकांवर चढलेली, काही तशीच रांगेत. कापड किंवा कागद जे काय असेल ते कधीच कुजून गेलं. पण पोतं गेलं आणि पोत्याचा आकार राहिला. मी एकाच्या अगदी जवळ गेलो, मास्कपासून वीतभर. पोत्याचा कोपरा, जिथे आपण हमालाला "कान धरून उचल" म्हणतो ना, तो कान जसाच्या तसा. तोंडाशी शिवताना पडतात त्या बारीक चुण्या. मधे जिथे वरच्या पोत्याचं वजन आलं तिथे बसलेला खोलगा. त्या खोलग्यात बोटाएवढा एक मासा बसला होता, टॉर्चनं त्याला काही फरक पडला नाही.

बऱ्याच लोकांना वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नाही. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, त्याला हवा लागत नाही, त्यामुळे पाण्याखालीसुद्धा ते सेट होतं, उलट चांगलं होतं. म्हणजे जहाज बुडालं, पाणी आत शिरलं, आणि त्याच दिवशी ह्या पोत्यांचं दगड व्हायला सुरुवात झाली. आमच्याकडे जूनमध्ये पहिल्या पावसात ताडपत्री उडाली की गोडाऊनमधली पाच-दहा पोती अशीच जातात आणि त्यावरून मी वॉचमनला केवढा बोललोय. इथे अख्खा होल्ड.

हे सामान धावपट्टी बांधायला चाललं होतं असं सांगतात. जाळी, सिमेंट, बुलडोझर हे सगळं एकत्र बघितलं तर हिशोब जुळतो. कोणीतरी मालाचं चलान केलं असेल, कोणीतरी मोजून घेतलं असेल, इतकी पोती आली म्हणून सही केली असेल. माझ्या मनात सैनिक आले नाहीत, खरं सांगतो, तो स्टोअरकीपर आला. मनिलाच्या धक्क्यावर उभा राहून पोती मोजणारा.

कुयानं टॉर्चचा गोल फिरवून विचारलं, ठीक ना? गेजवर १२० होतं. मी बंद जागेत होतो हे मला तेव्हा आठवलं, आणि आठवल्यावर लगेच छातीत धडधड सुरू, म्हणून बाहेर. वर येताना पाच मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटं थांबलो तेव्हा मेव्हणा खुणेनं बुलडोझर-बुलडोझर करत होता आणि मी पोती-पोती.

बोटीवर जेवण : निखाऱ्यावर भाजलेला मासा, भात, काकडी, आणि कालामान्सी नावाचं बोराएवढं लिंबू. व्हिनेगर नि मिरचीत कच्चा मासा मुरवतात त्याला किनिलाव म्हणतात, मला आवडला, आपल्या सोलकढीबरोबर मस्त लागला असता. जेवताना कुयाला पोत्यांचं सांगितलं, चुण्यांपासून सेटिंगपर्यंत सगळं. तो शांतपणे ऐकून म्हणाला की त्याचे वडील इथे गळ टाकायचे. खाली लोखंड आहे हे सगळ्या कोळ्यांना ठाऊक होतं, पण जहाजाचं नावबिव काही नाही, त्यांच्या लेखी ती माशाची चांगली जागा. मग दुसऱ्या डाईव्हला त्यानं स्वतःहून मला परत पोत्यांकडे नेलं आणि मेव्हण्याला दुसऱ्या गाईडबरोबर इंजिन बघायला पाठवलं.

दिवस ४

मेव्हण्याला इराको करायचं होतं. ते जपानी नौदलाचं शीतगृहवालं अन्नपुरवठा जहाज, जवळजवळ दीडशे मीटर लांब, तळ चाळीस मीटरच्या खाली. कुयानं आमची लॉगबुकं परत बघितली आणि नाही म्हणाला. आदल्या संध्याकाळी गावातल्या एका दुकानात (नाव घेत नाही) आमचं कार्डसुद्धा न मागता "टुमारो इराको, नो प्रॉब्लेम" म्हणाले होते. गाईड निवडताना ही एवढी एकच परीक्षा पुरे : तो नाही म्हणू शकतो का.

त्याऐवजी आकित्सुशिमा. हे मालवाहू नाही, लढाऊ नौदलाचं, समुद्रात उतरणाऱ्या मोठ्या विमानाला सांभाळणारं जहाज. मागच्या बाजूला ते विमान पाण्यातून उचलायची क्रेन होती, आता जहाज डाव्या कुशीवर आणि क्रेन शेजारी वाळूत पसरलेली. क्रेनची जाळीदार बाही बघून मी आणि मेव्हणा पहिल्यांदा एकाच गोष्टीवर खूश झालो. इथे प्रवाह होता, दोरी सोडली की वाहून जायला होतं, त्यामुळे आत गेलो नाही. मोठे हेकरूसारखे मासे सावलीत उभे होते.

दुसरा डाईव्ह ओकिकावा मारू, तेलाचा टँकर. डेक दहा ते सोळा मीटरवरच आहे, उजेड भरपूर, सगळ्या डेकवर मऊ प्रवाळ. तीन दिवस अंधार बघून इथे एकदम बागेत आल्यासारखं झालं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सुरुवात खरं तर इथूनच करावी.

आज संकष्टी होती आणि हिचा उपास. आम्ही खाली असताना तिनं बाजारात शोध लावला, कामोते क्यू, म्हणजे रताळ्याचे जाड काप साखरेत तळून काडीला लावलेले. रताळं उपासाला चालतं, साखर चालते, तेल कुठलं ते विचारायचं नाही असं ठरलं. कसावाचा केकही मिळतो, आणि साबुदाणा आपल्याकडे त्याच कंदाचा करतात हे तिचं म्हणणं बरोबरच आहे, पण त्यात अंडं असू शकतं म्हणून तो चंद्रोदयानंतर खाल्ला. चंद्र मात्र ढगात होता, मोबाईलवर वेळ बघून सोडला.

शाकाहारी लोकांसाठी : अवघड आहे. भाजीतसुद्धा बागूँग असतं, म्हणजे जवळ्याची आंबवलेली पेस्ट. थेपले-चटणी न्या.

दिवस ५

जहाजं बास, आज बाराकुडा तलाव. कोरॉन बेटावर काळ्या चुनखडीच्या सुळक्यांच्या मधे आहे. बेट ताग्बानुवा आदिवासींच्या मालकीचं, त्यांची फी द्यायची. बोटीतून उतरून लाकडी पायऱ्यांनी कड्यावरून पलीकडे जायचं, पाठीवर टाकी घेऊन. गुडघे दुखत असतील तर विचार करा.

पाण्यात मासे जवळजवळ नाहीत, पण गंमत वेगळीच. वर साधं पाणी, आणि चौदा मीटरच्या आसपास एकदम अडतीस अंशांचा थर, आंघोळीच्या पाण्यात हात घातल्यासारखा. थराच्या सीमेवर पाणी थरथरतं, तापल्या डांबरी रस्त्यावरची हवा दिसते तसं. मी कंबरेपर्यंत गरम आणि वर गार असा उभा राहून हसलो, हसल्यावर मास्क सैल झाला, पाणी आलं. मिशी गेली तरी हसायची सोय नाही!

सकाळी साडेदहाला शेवटचा डाईव्ह संपवला. बरेच डाईव्ह झाल्यावर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास थांबायचं असतं, आमचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. परतीचं तिकीट काढतानाच हा हिशोब करा, आणि डायव्हिंगचा वेगळा इन्शुरन्स काढा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत खोलीची मर्यादा असते, छोट्या अक्षरात.

दिवस ६

कुया धक्क्यावर आला होता. लॉगबुकवर सह्या केल्या, आणि कोग्योच्या पानावर त्यानं पेन्सिलीनं एक छोटं पोतं काढून दिलं, दोन्ही कान असलेलं.

विमानतळावर विमानाला तासभर उशीर, मी काचेतून धावपट्टीचे सांधे बघत बसलो, ही म्हणाली "अहो, सुट्टी आहे अजून."

कोरॉनचे काजू प्रसिद्ध आहेत, सगळे पिशव्या भरून नेतात, आम्हीही घेतले. घरी आईनं दारातच आधी मिशीकडे बघितलं, मग पिशवीकडे, आणि म्हणाली, "वेंगुर्ल्याला काजू मिळत नव्हते का?"